सिस्टर जागेवर आहेत का? ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांच्या आरोग्य पॅकेजचं परीक्षण

शाळेत पूर्णवेळ सिस्टर, वर्षातून एकदा सगळ्या मुलांची तपासणी, पालकांच्या मोबाइलवर रिपोर्ट आणि वेळ आलीच तर ॲम्ब्युलन्स. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या खासगी शाळांना हे सगळं एका पॅकेजमध्ये विकलं जातं. शाळा एजन्सीशी वर्षाचा करार करते, दर मुलामागे ठरतो आणि रक्कम गुपचूप फीमध्ये मिसळते. पैसे पालकांचे, निवड विश्वस्तांची, वापर मुलांचा. मग वस्तू उलटसुलट करून बघायची कोणी? इथे तेवढंच केलं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. पॅकेजं जवळपास एकाच साच्यातली असतात आणि खरा फरक त्या खोलीत कोण बसलं आहे यावर पडतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. सिस्टर घ्या आणि तिचे तास वाढवून घ्या. वार्षिक तपासणी अर्ध्यावर आणा. ॲपसाठी वेगळा रुपया मोजू नका.

सिस्टर म्हणजे नेमकं कोण

माहितीपत्रकात ‘प्रशिक्षित नर्स’ एवढंच छापलेलं असतं. एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा (सर्वसाधारण परिचर्या आणि प्रसूतिसेवा) तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. तिन्हींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते आणि ती मुदत संपली की नव्याने करावी लागते. नोंदणी क्रमांक आणि तिची मुदत करारातच लिहून घ्या. चौथा प्रकार माहितीपत्रकात सापडत नाही. काही महिन्यांचा पेशंट-केअरचा कोर्स केलेली सहायक असते ती. युनिफॉर्म तसाच असतो आणि मुलं तिलाही ‘सिस्टर’च म्हणतात. खरचटल्यावर जखम धुऊन पट्टी बांधायला ती पुरेशी आहे. पण टेंगूळ आलेलं मूल वर्गात परत पाठवायचं की हॉस्पिटलात न्यायचं, हे ठरवण्याचं ओझं तिच्यावर टाकू नये.

जीएनएम आणि तीसुद्धा कॅज्युअल्टीत किंवा मुलांच्या वॉर्डात काम केलेली असेल, तर शाळेचं नशीब. लसीकरणाचा अनुभव असलेली एएनएमसुद्धा चांगलं काम करते, कारण मुलांशी आणि त्यांच्या आयांशी बोलायची तिला सवय असते.

आता तासांचा हिशेब. बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळी सातला पहिली घंटा आणि संध्याकाळी सहाला शेवटची बस, म्हणजे अकरा तास. पॅकेजमधली ‘पूर्णवेळ’ सिस्टर आठ तासांची. उरलेले तीन तास कोण, असं विचारलं तर ‘मावशी असतात ना’ असं उत्तर येतं. हे तीन तास नेमके मैदानावरच्या सरावाचे आणि बस भरण्याचे असतात, म्हणजे पडण्या-झडण्याचे. मोठ्या शाळेला दोन सिस्टर लागतात, अधिवेशनागणिक एक. अमेरिकेत निरोगी मुलांसाठी ७५० विद्यार्थ्यांमागे एक नर्स असं प्रमाण अनेक वर्षं सांगितलं जायचं. आता तिथेही मुलांच्या गरजेनुसार संख्या ठरवा असं म्हणतात. आपल्याकडे पॅकेज ‘प्रति इमारत एक’ या हिशेबाने विकतात, मग इमारतीत सहाशे मुलं असोत की तीन हजार.

सिस्टर रजेवर गेली तर बदली कोण, हेही विचारा. जुलैत ट्रान्स-हार्बर लोकल ठप्प झाली आणि सिस्टर कल्याणहून येणारी असली, तर त्या दिवशी खोलीला कुलूप असतं. बदली सिस्टर किती वाजेपर्यंत पोहोचेल, हे करारात आकड्यात असावं.

खोली आणि कपाट

खोली तळमजल्यावर हवी. दारातून स्ट्रेचर आत आला पाहिजे आणि हात धुवायला बेसिन खोलीतच हवं. दोन खाटा, मधे पडदा आणि सिस्टरच्या खुर्चीवरून दोन्ही खाटा दिसतील अशी मांडणी. बऱ्याच नव्या शाळांत खोली देखणी असते, भिंतीवर जिराफ वगैरे, आणि बेसिन बाहेर कॉरिडॉरच्या टोकाला. जिराफ चालेल, पण नळ आत हवा.

एजन्सीच्या सामानाच्या यादीत ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र असं सगळं असतं. उणीव आकारांत आणि तारखांत निघते. बीपीचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो आणि तो लहान दंडावर गुंडाळला की आकडा खोटा कमी येतो. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी, म्हणजे निदान दोन लहान पट्टे लागतात. ऑक्सिमीटर सीनियर केजीच्या बारीक बोटावर नीट बसत नाही. अशा वेळी अंगठ्यावर लावून बघावा, हात गार असेल तर आधी चोळावा. लग्नसराईत गडद काळी मेंदी लावून आलेल्या मुलीच्या बोटावर आकडा कधी येतच नाही. तेव्हा कानाच्या पाळीचा सेन्सर असेल तर तो, नाहीतर सरळ श्वास मोजावा.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आपल्या दमट हवेत लवकर खराब होतात. बऱ्याच कंपन्यांच्या डबीवर उघडल्यापासून ९० दिवसांची मुदत असते, आणि डबी कधी उघडली ते तिच्यावर पेनाने लिहायचं असतं. तपासणीला गेलात तर आधी तीच तारीख शोधा. तारीख नसेल तर खोलीचा बाकी कारभार कसा असेल याचा अंदाज येतो. रक्त घेण्याआधी मुलाचे हात साबणाने धुवायला हवेत. मधल्या सुट्टीत लाडू खाऊन आलेल्या बोटाला नुसतं सॅनिटायझर चोळून सुई टोचली, तर साखर वाढलेली दिसते आणि घरी उगाच फोन जातो.

फ्रीजमध्ये इन्सुलिन दाराजवळच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. ते बर्फाच्या खणाला टेकलं तर गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. त्याच फ्रीजमध्ये दुधाची एक छोटी पिशवी रोज ताजी हवी. चहासाठी नव्हे, निखळलेल्या दातासाठी. मैदानावर पक्का दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. दुधात टाकून मुलाला शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्यायचं. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत. सातवीच्या मुलाचा पुढचा दात मात्र पक्का असतो आणि त्याच्यासाठी हा अर्धा तास सोन्याचा आहे.

ओआरएसची पाकिटं सगळीकडे असतात, पण मोठं पाकीट एक लिटरचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्यात २०.५ ग्रॅम पावडर असते. मुलाच्या ग्लासात, म्हणजे २०० मिलीत, ते सगळं ओतलं तर पाणी खारट होतं आणि शरीरातलं मीठ धोकादायक वाढतं. शाळेत २०० मिलीची छोटी पाकिटं ठेवावीत, नाहीतर लिटरची खूण केलेला जग ठेवावा. ‘ओआरएस’ नाव मिरवणारी गोड टेट्रापॅक पेयं ठेवू नयेत. सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण जुन्या सवयीने पालक अजून तेच मागतात.

तापाची बाटली

सिक रूममधली सगळ्यात नेहमीची चूक पॅरासिटामॉलमध्ये होते. सिरप दोन ताकदीत मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला साधारण २५० मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे एका बाटलीतून ५ मिली आणि दुसरीतून १० मिलीच्या किंचित वर. एका वर्षी एजन्सीने एक बाटली पाठवली आणि पुढच्या वर्षी दुसरी, तर ‘दोन झाकणं’ या सवयीने मात्रा थेट दुप्पट होते. शाळेने एकच ताकद ठरवावी आणि करारात लिहावी. बाळांचे ड्रॉप्स त्याहून कितीतरी दाट असतात. त्यांना शाळेत जागाच नको.

देण्याआधी सिस्टरने मुलाच्या आईला फोन करून एकच प्रश्न विचारायचा: सकाळी काही पाजलंय का? तापातल्या मुलाला सातला औषध पाजून शाळेत पाठवणं ही सर्रास गोष्ट आहे. अकराच्या सुमारास औषधाचा जोर ओसरतो आणि मूल पुन्हा तापाने फणफणून सिक रूममध्ये येतं. दोन मात्रांमध्ये किमान चार तास हवेत आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नकोत.

पावसाळ्यात ताप म्हटला की डेंग्यू डोक्यात ठेवायचा. त्या काळात आयबुप्रोफेन द्यायचं नाही आणि ॲस्पिरिन तर मुलांना एरवीही नाही. नाइमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासूनच बंदी आहे. कपाटात ते दिसलं तर एजन्सी बदलायचा विचार करा.

औषध द्यायला दोन कागद लागतात. एक पालकांची लेखी परवानगी. दुसरा शाळेशी जोडलेल्या डॉक्टरांचा लेखी आदेश, कुठल्या लक्षणाला काय द्यायचं, किती द्यायचं आणि कधी द्यायचं नाही. बहुतेक पॅकेजांत पहिला कागद मिळतो. दुसरा विचारला की ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ असं सांगतात. त्या डॉक्टरांची सही त्या कागदावर हवी, कारण स्वतःच्या मनाने औषध ठरवणं सिस्टरच्या कक्षेत येत नाही.

ऐन वेळी

एजन्सीचा माणूस सादरीकरणाला आला की त्याला स्लाइड पुढे ढकलायला सांगा आणि सिस्टरलाच चार प्रश्न विचारा.

घोळणा फुटला तर? मान मागे टाकायला लावते असं उत्तर आलं, तर ती जुन्या पठडीतली आहे. मूल पुढे झुकवून बसवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडायचा नाही. दर मिनिटाला ‘थांबलं का’ म्हणून उघडून बघितलं की रक्त थांबत नाही.

आकडी आली तर? कांदा, चप्पल, दातांत चमचा यांतलं काहीही नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर नाहीतर स्वेटर, भोवतीची बाकं बाजूला आणि नजर घड्याळावर. पाच मिनिटांवर गेली किंवा पाठोपाठ दुसरी आली तर १०८. मुलाच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलॅम स्प्रे लिहून दिला असेल, तर तो कपाटात कुठे आहे हे सिस्टरला अंधारातही सापडायला हवं.

दम लागला तर? इथे पॅकेजवाले नेब्युलायझर दाखवतात. स्पेसर, म्हणजे औषध ओढायला मधे लावायची पोकळ नळी, लावलेला पंप (इनहेलर) तितकंच काम करतो आणि वीज गेली तरी चालतो. सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचा एक पफ स्पेसरमध्ये, मग चार ते सहा शांत श्वास, पुन्हा पुढचा पफ. असे चार पफ, चार मिनिटं थांबून आणखी चार. फरक पडला नाही, मूल वाक्य पूर्ण करू शकत नसेल किंवा ओठ निळसर झाले, तर १०८ लावायचा आणि तोवर पफ चालू ठेवायचे. नवीन पंप पहिल्यांदा वापरताना हवेत दोन-चार पफ सोडावे लागतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवायचा, पुसायचा नाही. पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. बांधकामाच्या धुळीत किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांलगत असलेल्या शाळांत प्रत्येक दम्याच्या मुलाचा नावानिशी पंप आणि स्पेसर ठेवलेला असावा, आणि सहलीला जाताना तो सरांच्या बॅगेत गेला पाहिजे. सहलीला पंप शाळेतच राहणं ही ठरलेली चूक.

चौथा प्रश्न मधुमेहाचा. टाइप १ असलेलं मूल खेळाच्या तासानंतर घामाघूम, थरथरत आलं तर साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा मुलाला एकट्याने जिन्यावरून सिक रूमपर्यंत पाठवायचं नसतं, सिस्टरने वर्गात जायचं असतं. हे वर्गशिक्षिकेला ठाऊक नसेल तर सिस्टरला ठाऊक असून उपयोग नाही, म्हणून पॅकेजमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण आहे का ते बघा. वर्षातून एक दीड तासाचा वर्गसुद्धा बराच फरक पाडतो.

गंभीर ॲलर्जीचं किट असल्याचं बरेच जण सांगतात. त्यात अॅड्रिनॅलिनच्या १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या कुप्या असतात. सोबत १ मिलीच्या बारीक सिरिंज, वयानुसार मात्रेचा तक्ता आणि डॉक्टरांचा लेखी आदेश नसेल तर ते किट शोभेचं. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सहा ते बारा वयासाठी ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ मिली.

डोक्याच्या माराबद्दल एकच सांगायचं. मूल हसतखेळत वर्गात परत गेलं तरी पालकांना फोन आणि हातात चिठ्ठी जायलाच हवी. रात्री पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, चालताना तोल जाणं, यांतलं काही दिसलं तर हॉस्पिटल गाठायचं. चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही छापून ठेवा, कारण संध्याकाळी मुलाजवळ बहुतेक आजी असते.

१०८ कोणी लावायचा

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. करारात बघायचं ते एवढंच, की सिस्टर मुख्याध्यापिकांना न विचारता फोन लावू शकते का. बऱ्याच ठिकाणी ‘आधी ऑफिसला कळवावे’ असा नियम असतो आणि ऑफिसात त्या वेळी मीटिंग चालू असते. हे वाक्य खोडून घ्या. एवढा एक बदल पॅकेजच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा आहे.

हॉस्पिटलही आधी ठरवून ठेवावं. ज्यांचा पॅकेजवाल्यांशी करार आहे ते जवळ असतंच असं नाही. कासारवडवलीच्या शाळेला दुपारी साडेबाराला, शाळा सुटायच्या वेळी, माजिवड्याच्या पलीकडचं काहीही लांबच. शाळेने त्याच वेळेला गाडी पाठवून मिनिटं मोजावीत. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं रुग्णालय ही सार्वजनिक नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण मुलांचे डॉक्टर चोवीस तास असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, ते फोन करून आधी विचारायचं. येऊर किंवा पारसिकच्या डोंगराला लागून असलेल्या शाळांनी सर्पविषावरची लस कुठे आहे तेही विचारून लिहून ठेवावं. साप चावला तर पाय हलवू द्यायचा नाही, दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

वार्षिक तपासणी: पैसे इथे वाया जातात

एका दिवसात सातशे मुलं, चार टेबलं, आणि प्रत्येकाच्या नावाचा रंगीत अहवाल. दिसायला छान.

डोळ्यांचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. वर्गात तेवढी जागा नसते, मग साडेचार मीटरवर काम भागवतात आणि सगळ्यांचे डोळे उत्तम निघतात. तीन मीटरचा वेगळा तक्ता मिळतो, तो आणायला सांगा. मुलं रांगेत तक्त्यासमोरच उभी असतील तर पाचव्या मुलाला ओळ पाठ झालेली असते. रांग दाराबाहेर हवी. डोळा हाताने झाकायला सांगितला तर बोटांच्या फटीतून बघतात, म्हणून पुठ्ठा हवा. ६/९ ची ओळ (निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरूनही वाचता येते ती) वाचता आली नाही तर पुढे पाठवायचं, आणि ‘पाठवलं’ म्हणजे चष्मा लागला की नाही हे दोन महिन्यांनी सिस्टरने विचारायचं. अहवाल पाठवून काम संपत नाही.

वजन-उंचीचा घोटाळा तर गमतीदार आहे. काही सॉफ्टवेअर मोठ्यांचा बीएमआय लावतात, म्हणजे १८.५ च्या खाली ‘कमी वजन’. सात वर्षांच्या मुलाचा बीएमआय १५ असणं अगदी साधारण आहे. परिणाम असा की दुसरीचा जवळपास सगळा वर्ग कुपोषित ठरतो आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोंधळ. पाच ते अठरा वयासाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत, ते वापरता का एवढंच विचारा.

हिमोग्लोबिन बोट टोचून बघत असतील तर पहिला थेंब पुसून टाकतात का, आणि बोट पिळतात का, ते पाहा. पिळलं की ऊतींचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. यासाठी पालकांची वेगळी परवानगी लागते.

आमच्या मते दृष्टी, उंची-वजन, दात आणि कान एवढं दरवर्षी करावं. बाकी ‘४२ चाचण्या’ हा आकडा विक्रीचा आहे.

जे फुकट मिळतं

अनुदानित शाळांनी तर आधी हे वाचावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. यात आयुषचे दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि एक नर्स असं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. जन्मतःच्या व्यंगापासून दातांपर्यंत ठरवून दिलेल्या ३० दोष-आजारांची तपासणी होते आणि पुढचे उपचार, अगदी हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होऊ शकतात. असं असताना काही अनुदानित शाळा वर पैसे देऊन तीच तपासणी पॅकेजमधून करून घेतात. ते पैसे सिस्टरच्या पगारात घाला. पथकाची कमजोर बाजू म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेली मुलं आणि पुढे पाठवलेल्यांचा पाठपुरावा. दोन्ही कामं शाळेची सिस्टरच करू शकते. खासगी विनाअनुदानित शाळा मात्र या पथकाच्या यादीत नसतात.

जंतनाशक दिवस राष्ट्रीय वेळापत्रकात १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो, त्यात खासगी शाळाही येतात. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही. आजारी मुलाला त्या दिवशी द्यायची नाही, नंतरच्या फेरीत द्यायची.

आठवड्याची लोहाची गोळी हा सिस्टरच्या कौशल्याचा विषय. पहिली ते पाचवीला गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची. सहावीपासून निळी, ६० मिलिग्रॅमची. उपाशीपोटी दिली की मळमळ होते, एका मुलीने उलटी केली की शेजारच्या चार जणींच्या पोटात ढवळतं आणि दुपारपर्यंत ‘शाळेत विषबाधा’ अशी आवई उठते. जेवणानंतर द्यायची, चहा-दुधाबरोबर नाही, आणि शौचाला काळं होईल हे पालकांना आधी सांगायचं. ही एक ओळ डायरीत गेली की निम्मे फोन वाचतात.

वही

ॲप सगळ्यांना आवडतं. सिक रूमची खरी किंमत मात्र हाताने लिहिलेल्या नोंदवहीत दिसते. मूल किती वाजता आलं, काय म्हणालं, सिस्टरला काय दिसलं, काय केलं, किती वाजता कुठे गेलं, कोणाला कळवलं. हे सहा रकाने भरलेले हवेत. ‘पोटदुखी – आराम दिला’ एवढंच असेल तर ती हजेरी झाली.

चांगली सिस्टर शुक्रवारी वहीची मागची पानं चाळते. एकाच वर्गातल्या तीन मुलांना एका दिवशी उलट्या झाल्या तर पाण्याची टाकी किंवा कॅन्टीन. एक मूल दर मंगळवारी तिसऱ्या तासाला डोकं दुखतं म्हणून येत असेल, तर फळा दिसत नाही, गणित जमत नाही किंवा बाकावरचा शेजारी त्रास देतो, यांतलं काहीतरी. कांजिण्या किंवा गालगुंड आले की कोणी किती दिवस घरी राहायचं तेही वहीवरून ठरतं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. डोक्यात उवा निघाल्या तर त्याच क्षणी घरी पाठवायची गरज नसते. चिठ्ठी द्यायची, उपचार घरी, दुसऱ्या दिवशी वर्ग.

शाळेत नर्स ठेवण्याची कल्पनाच मुळात यातून आली. न्यू यॉर्कमध्ये १९०२ साली डॉक्टर खरूज, उवा, डोळ्यांचे आजार बघून मुलांना घरी पाठवत होते आणि ती परतच येत नव्हती. लीना रॉजर्स या नर्सला चार शाळांत महिनाभरासाठी नेमलं, ती घरोघरी जाऊन उपचार समजावू लागली आणि मुलं वर्गात दिसायला लागली. त्यामुळे सिस्टरने महिन्यात किती मुलांना घरी पाठवलं हा आकडा एजन्सी अभिमानाने दाखवत असेल, तर उलटा आकडाही मागा: किती जण अर्ध्या तासात वर्गात परतले?

वहीतलं काही कोणाला दाखवायचं नसतं. कोणाची पाळी सुरू झाली, कोणाला आकडीचं औषध चालू आहे, हे स्टाफरूममध्ये चर्चेला येता कामा नये. ॲप घेतलंच तर माहिती कुठे साठवतात आणि करार संपल्यावर पुसतात का, ते लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते.

एका गोष्टीत मात्र गुप्तता चालत नाही. पट्टी बदलताना किंवा पोटदुखी सांगताना मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेची चौकशी समिती, मग पोलीस असा क्रम कायद्यात नाही. सिस्टरने मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर हवा. याचं प्रशिक्षण दिलंय का, असं विचारलं की बहुतेक एजन्सीवाले ‘ते शाळेचं काम’ म्हणतात. शाळा म्हणते एजन्सीचं. करारात कोणाचं ते लिहून घ्या.

करार साधारण एप्रिल-मेमध्ये होतात आणि सामान जूनमध्ये येतं. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात पालक-शिक्षक संघातल्या दोघांनी जाऊन कपाट उघडायला सांगावं: एकच ताकद असलेलं सिरप, लहान पट्टे, स्पेसर, २०० मिलीची पाकिटं, पट्ट्यांच्या डबीवरची तारीख. पंधरा मिनिटं लागतात. आणि जाताजाता कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे तेही विचारावं. सिस्टर दुपारी एकला जेवायला गेलेली असते आणि दम लागलेलं मूल एक वाजून पाच मिनिटांनी येतं.